माळ्यावरची ट्रंक आणि वंशावळीत नसलेली बायो

पडवीतली | २ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर केळशीच्या अलीकडे, दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यात घराची अर्धी कौलं गेली. भावाने माळ्यावरचं होतं नव्हतं ते भर पावसात खाली ओढलं, त्यात एक पत्र्याची ट्रंक निघाली. तेव्हा डोक्यावर छप्पर नव्हतं, बागेत पोफळी आडव्या पडल्या होत्या, ट्रंकेकडे कोण बघतोय! माजघरात कणगीच्या मागे सरकवली आणि वर गोणपाट टाकलं. यंदा आंब्यांना गेले तेव्हा ते गोणपाट मी काढलं.

आत दोन रुमाल. एकात मोडीतले कागद, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. दुसऱ्यात पत्रं आणि कार्डं, बहुतेक बाळबोध (देवनागरी) लिपीत, शिवाय एका तारेत ओवलेली मनिऑर्डरची कुपनं, पन्नास-साठ असतील. पत्रं माझ्या पणजोबांची. ते गिरगावात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि गावी वडिलांना लिहायचे. सुरुवात दरवेळी तीच, "तीर्थरूप दादांचे सेवेसी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष." मग पाऊसपाणी, सुपारीचा भाव, आणि शेवटी एकेकाला नमस्कार-आशीर्वाद.

मी वहीत तारीखवार टिपणं काढतेय. अडलेय ते असं. शके १८२४ च्या माघातल्या पत्रात "मंडळीची प्रकृती ठीक नाही असे समजले" असं आहे. म्हणजे १९०२ साली घरातले सगळेच आजारी होते का? त्याच पत्रात ५११ रुपये पाठवल्याचा उल्लेख आहे. भिंगातून पाहिलं, ५११ च आहे. खिळे जुळवणाऱ्याकडे एवढे पैसे कुठून आले?

आणि बायो. बहुतेक प्रत्येक पत्राच्या शेवटी "चि. सौ. बायोस अनेक आशीर्वाद" असतं. ही पणजोबांची धाकटी बहीण असावी. शके १८४० च्या भाद्रपदापर्यंत हे असंच आहे. मार्गशीर्षातल्या पत्रात एकदम "गं. भा. बायो", म्हणजे विधवा. त्यानंतर साधारण दीड वर्षाने एक ओळ येते: "बायोकडील व्यवहार मिटला हे बरे झाले. आता त्या वाटेस जाणे नाही." पुढच्या एकाही पत्रात बायोचं नाव नाही.

काकांनी वंशावळ करून घेऊन फ्रेममध्ये ओटीवर लावली आहे. नऊ पिढ्या, सगळे बाप्ये. बायो त्यात नाही. (मीही नाही, पण ते असो.) माझी आत्या ८६ वर्षांची आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "होती म्हणे एक. घरात तिचं नाव काढत नसत." नाव काय होतं ते तिलाही माहीत नाही. बायो हे काही नाव नव्हे, आमच्याकडे सगळ्याच मुली बायो.

कुठून सुरुवात करू?


मालवणी_खाजा | २ जून, रात्री ११:०५

पयलो मीच! धागो बरो आसा. आमच्या आजयेन अशीच पेटाऱ्यातली कागदां पावसात चूल पेटणा नाय म्हणान चुलीत घातल्यान. वंशावळ आमी भाकरेबरोबर खाल्ली. तुमी नशीबवान.


बोरू_आणि_दौत | ३ जून, सकाळी ६:२०

पडवीतलीताई, धागा उत्तम. टिपणं काढताय हे त्याहून उत्तम. आता एकेक गाठ सोडवू.

तुम्ही इथे "नमस्कार मंडळी" म्हणालात ते आम्हा सगळ्यांना. तुमच्या पणजोबांनी "मंडळी" म्हटलंय ते फक्त तुमच्या पणजीला. बायकोचं नाव वडिलांना लिहायच्या पत्रात काढायची सोय नव्हती, म्हणून "मंडळी", "कुटुंब", नाहीतर "अमक्याची आई". तेव्हा घर सगळं आजारी नव्हतं, पणजी आजारी होत्या. पत्रात एवढा एक शब्द घालायला त्या माणसाला किती धीर करावा लागला असेल कोण जाणे.

५११ नव्हेत. ५॥ आहेत ते, साडेपाच. एक उभी रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. हिशेब करणारे सगळे असंच लिहीत. हीच दुहेरी रेघ अक्षरानंतर आली तर शब्द तोडलेला असतो, मु॥ म्हणजे मुक्काम. मोडी कागदांत हे पावलोपावली भेटेल.

साल १९०२ नव्हे, १९०३. शकात ७८ मिळवायचे हे खरं, पण शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी साल जानेवारीत. पौष अर्धामुर्धा आणि माघ-फाल्गुन पुढच्या सालात जातात, तिथे ७९ धरा. मोडी रुमालात पेशवाईतले कागद निघाले तर तिथे शक नसेलही, "इहिदे सितैन मया व अलफ" असलं काही दिसेल. घाबरू नका, ते अरबी आकडे आहेत, उलटे वाचायचे: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. हा सुहूर सन. मृगात सुरू होतो. त्यात पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवले की इसवी सन. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपताचं साल.

आता बायो. भाद्रपद आणि मार्गशीर्ष यांच्या मध्ये एक पत्र होतं, ते तुमच्या ट्रंकेत नाही आणि कधीच मिळणार नाही. निधनाची बातमी आलेलं पत्र घरात ठेवत नाहीत, वाचलं की फाडायचं. वर श्री नसतो, कार्डाचा कोपरा फाडलेला असतो, पोस्टमनच्या हातात दिसलं की बायका रडायला लागत. त्यामुळे कोकणातल्या कुठल्याही घरातली पत्रं घ्या, त्यात बारशी, मुंजी, लग्नं, कोर्टकज्जे सगळं सापडेल. मरण तेवढं सापडत नाही. ते मायन्यातून ओळखायचं. सौ. ची गं. भा. झाली, ती. चे कै. झाले, आशीर्वादांच्या यादीतून एखादं चि. गळलं, की समजायचं. सगळ्या पत्रांची नुसती ही शेवटची यादी वेगळ्या तक्त्यात उतरवा. पत्राच्या मजकुरापेक्षा ती जास्त बोलते असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.


नाखवा_जयगड | ३ जून, सकाळी ९:१५

शके १८४० भाद्रपद ते मार्गशीर्ष, म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर १९१८. बोरूकाकांनी सांगितलं नाही ते मी सांगतो, मानमोडीची साथ. इन्फ्लुएंझा. मुंबईत सप्टेंबरात भडकली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावोगाव पसरली. आमच्या घरात त्या एका महिन्यात चार कबरी झाल्या असं दादी सांगायची. बायोचा नवरा त्यातच गेला असणार.

बायोचं सासर कुठलं याचा काही धागा आहे का? बंदराचं नाव, आगबोट, पडाव (शिडाची मालवाहू होडी), असं काही असेल तर टाका.


पडवीतली | ३ जून, दुपारी १:३०

बोरूकाका, दंडवत. साडेपाच! मी नवऱ्याला ५११ रुपयांची गोष्ट सांगून मोकळी झाले होते.

नाखवाभाई, आहे. एका कार्डात "बोटी बंद होण्यापूर्वी बायोस आणावे, नाहीतर नारळी पौर्णिमेपर्यंत भेट नाही". आणि दुसऱ्यात "बायोने जयगडाहून पडावाने भाताचे पोहे पाठविले ते पोचले".


नाखवा_जयगड | ३ जून, दुपारी २:१०

मग सासर जयगडच्या खाडीवर. शास्त्री नदी तिथे समुद्राला मिळते, दक्षिणेला जयगड, उत्तरेला तवसाळ. जयगडाहून पडाव निघाला म्हणजे माणूस जयगडचाच असं नाही, तवसाळच्या बाजूची गावंही तर ओलांडून जयगड बंदरालाच यायची, कारण आगबोट तिथे थांबायची. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी, घाटावरच्यांसाठी सांगतोय. तेव्हा रत्नागिरी तालुका आणि गुहागर दोन्हीकडे शोधा.

बोटी बंद म्हणजे ज्येष्ठाच्या सुमारास. पावसाळ्यात आगबोटी बंदच असायच्या, पडाव वर ओढून शाकारलेले. तुमच्याकडे तारीख नसलेली कार्डं असतील तर असल्या वाक्यांवरून महिना लागतो. "गलबते लागली" म्हणजे पाऊस उतरलाय.

अवांतर: आमच्याकडे पत्रं नाहीत, पण पणजोबांचं बोटीवरचं पुस्तक आहे. जहाजाचं नाव, चढल्या-उतरल्याची तारीख, वागणुकीचा शेरा, सगळं आहे. पहिल्या महायुद्धात बोटीवर गेलेल्या आणि परत न आलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांची नावं मस्जिद बंदरच्या सेलर्स होममधल्या स्मारकात आहेत. कोकणातल्या दर्यावर्दी घरांनी ती यादी एकदा तरी बघावी.


शंकासुर | ३ जून, संध्याकाळी ७:४५

धाग्याचा विरस करायचा नाही, पण हे सगळं करून मिळणार काय? सातबाऱ्यावर नाव लागणार आहे का? गेलेली माणसं गेली. शिवाय "आता त्या वाटेस जाणे नाही" असं पणजोबाच म्हणतायत, तर तुम्ही का जाताय?


पडवीतली | ३ जून, संध्याकाळी ८:००

त्यांनी सांगितलं म्हणूनच.


गावनमुना_१४ | ४ जून, सकाळी ११:२०

महसूल खात्यात हयात गेली, आता निवृत्त. आयडीवरून ओळखलंच असेल. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक कोतवाल बुक म्हणतात. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायची लाट आली आणि ज्या खोलीत वर्षात चार माणसं यायची तिथे रांग लागली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. (बोरूकाका हसत असतील.)

ताई, तुमच्यासाठी कामाचं सांगतो. "बायोकडील व्यवहार मिटला" हे वाक्य मला ओळखीचं वाटतं. त्या काळी एकत्र कुटुंबातल्या विधवेला जमिनीत वाटा नव्हता. १९३७ च्या कायद्याने थोडा हक्क आला आणि पुरता १९५६ ला. १९१९-२० साली तिला मागता यायचं ते अन्नवस्त्र. सासरचे देत नसतील तर माहेरचे भांडायचे, चार माणसं बसायची आणि कागद व्हायचा: हयातीपर्यंत सालीना भात अमुक मण, लुगडी अमुक, राहायला पडवीचा खण. तो बोजा जमिनीवर चढायचा. म्हणून सासरच्या गावच्या जुन्या फेरफारात (हक्कबदलाच्या नोंदवहीत) आणि इतर हक्कांत ती सापडू शकते. आणि ती वारली की "मयत सबब बोजा कमी" असा आणखी एक फेरफार पडतो. म्हणजे मृत्यूचं सालही तिथेच. वंशावळीत बाई नसते पण जमिनीवर तिचा बोजा असतो, त्यामुळे आमच्या रेकॉर्डात ती असते.

गुहागर आज स्वतंत्र तालुका आहे, पूर्वी तो चिपळूणचा पेटा (उपविभाग) होता. जुने कागद कुठल्या कचेरीत हे आधी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटे. खोतीचं गाव असेल तर बोटखतही बघा, कुळांची नावं त्यात असतात. भूमि अभिलेखमध्ये मोजणीचं टिपण आणि गुणाकार बुक मिळेल, पण त्यात माणसं कमी आणि साखळ्या-काठ्या जास्त.

अर्जात गाव आणि नाव दोन्ही लागेल. "बायो" लिहून चालायचं नाही.


उत्तर_वसई | ४ जून, दुपारी ३:०५

या बाबतीत आमचं सोपं. चर्चच्या बाप्तिस्मा-रजिस्टरात मूल, आईबाप आणि धर्ममाता-धर्मपिता सगळ्यांची नावं असतात. आईचं नाव वगळलेलं नाही. अडचण एकच, जुनी पानं पोर्तुगीज नाहीतर लॅटिनमध्ये आणि एकाच गावात एकाच नावाचे सात जण. धर्मपित्यावरून कुठला तो ओळखायचा. तुम्हाला उपयोग नाही, पण वाचणाऱ्या कुणाला होईल.


दापोली_कॅम्प | ४ जून, रात्री ९:५०

धागा वाचतोय. एक बोलू का, राग मानू नका.

ट्रंक असायला माळा लागतो, माळ्याला घर लागतं आणि पत्राला लिहिणारा लागतो. आमच्या वाडीत हे तिन्ही नव्हतं. पण आमच्याकडे काहीच नाही असंही नाही. माझ्या खापरपणज्याचं नाव मला मिळालं ते पलटणीच्या कागदात. दापोली हा पेन्शनरांचा कॅम्प होता, महार पलटणवाले निवृत्त होऊन इथे राहिले. पुढे सरकारने महारांची भरती बंद केली, त्याविरुद्ध निवृत्त सैनिक आणि समाजसुधारक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला दापोलीतूनच अर्ज केला. पहिल्या महायुद्धात पुन्हा माणसं गेली आणि कितीतरी गावांत त्याच्या संगमरवरी पाट्या आहेत, "या गावातून अमुक जण युद्धास गेले". आमच्या गावची पाटी चावडीच्या भिंतीत आहे. नावं नाहीत तिच्यावर, नुसता आकडा. त्या आकड्यातला एक आमचा.

दुसरं, महारवतनाची नोंद. वतन म्हणजे राबणूक होती, ती १९५८ च्या कायद्याने गेली हे चांगलंच झालं, पण त्या रजिस्टरात पाळीवर कोण होतं त्यांची नावं बापाच्या नावासकट आहेत. आणि मराठी शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात आजोबांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या वर्गातल्या एकोणीस पोरांची १ जून. मास्तरांनी एका दिवशी एकोणीस पोरं जन्माला घातली.


बोरू_आणि_दौत | ५ जून, सकाळी ६:०५

दापोली_कॅम्प, रागावण्यासारखं काही नाही. उलट माझ्या "कुठल्याही घरातली पत्रं घ्या" या वाक्यातलं "कुठल्याही" मी मागे घेतो.

ताई, मोडी रुमालातल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, उजेड एका बाजूने येईल असा. फ्लॅश नको. घडी कडक झाली असेल तर ओढू नका, पावसाळी हवेत दोन दिवस नुसती ठेवा, आपोआप सैल होते. सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको, एका गृहस्थांनी प्रेमापोटी अख्खी सनद लॅमिनेट केली, आता ती आतल्या आत पिवळी होतेय आणि काढता येत नाही. काजळीची शाई उडत नाही, पण पाण्याचा थेंब पडला की वाहते. ओल्या हाताने धरू नका. इंग्रजी शाईचं उलट, ती तपकिरी होते आणि कागद खाते.

शिकायचं असेल तर मोडी दोन-तीन महिन्यांत येते. आधी रेघ ओढून तिला अक्षरं टांगलेली, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग असतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पण पहिला रुमाल मी वाचून देतो, आता कुतूहल मलाच स्वस्थ बसू देत नाही.


मालवणी_खाजा | ५ जून, सकाळी ८:३०

काकांनू, कसर लागली तर काय करूचा? आमच्याकडे कागद कमी नि भोकां जास्त.


बोरू_आणि_दौत | ५ जून, सकाळी ८:५०

कडुनिंबाचा सुकलेला पाला सुती रुमालात, आणि वर्षातून दोनदा उघडून बघणं. उघडून बघणं हेच खरं औषध. लोखंडी ट्रंक जमिनीला टेकवू नका, खाली दोन पाट ठेवा, वाळवी जमिनीतून येते.


पडवीतली | १९ जून, रात्री ११:१५

उशीर झाला, मध्ये गावी जाऊन आले. ४१ फोटो काकांना पाठवलेत. एका कार्यालयात तीन हेलपाटे घातले. पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी किल्ली नव्हती, तिसऱ्या दिवशी दोन्ही होते तर म्हणाले, "नाव काय बाईंचं?" मी म्हटलं तेच शोधायला आलेय. कारकून हसला, पण वाईट नाही हसला. गाव आणि नाव घेऊन या म्हणाला.

चिपळूणला एका नातेवाइकांकडे जुनी पत्रं असल्याचं कळलं म्हणून गेले, तर २०२१ च्या पुरात सगळी गेली. पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं, त्यांनी माणसं वाचवली हेच खूप.


बोरू_आणि_दौत | २२ जून, पहाटे ५:४०

रात्रभर बसलो. सांगतो.

४१ पैकी बरेचसे सुपारीचे हिशेब आणि कर्जरोखे आहेत. एक गंमतशीर यादी आहे, मुंजीला किती नारळ फुटले त्याची. पण २७ वा फोटो अन्नवस्त्राच्या कागदाची नक्कल आहे. गावनमुनासाहेब, तुमच्या तोंडात साखर. शके १८४२ चैत्र, म्हणजे १९२० चा वसंत. "सालीना भात मण ४॥, लुगडी २, राहणेस मागील पडवीचा खण १, हयातीपर्यंत." गाव तवसाळच्या बाजूचं, नाखवांचा अंदाज बरोबर. लिहून देणारे दोन दीर. घेणार गं. भा. अमुक, आणि तिथे तिचं सासरचं नाव आहे, स्वच्छ अक्षरात. ताईंना व्यनि केलाय, इथे लिहीत नाही.

खाली सह्या. दिरांच्या मोडीत. तिच्या जागी एक लहानसं वर्तुळ आणि शेजारी कारकुनाने लिहिलंय, "निशाणी बांगडी". लिहिता न येणारा कुणबी नांगर काढायचा, बाई बांगडी. वर्तुळ पुरतं जुळलेलं नाही, वरच्या बाजूला किंचित उघडं आहे.


शंकासुर | २२ जून, सकाळी १०:००

म्हणजे माहेरच्यांनी साडेचार मण भात ठरवून दिला आणि हात झटकले. "त्या वाटेस जाणे नाही." मागच्या पडवीत एकटी. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, ताई. काही गोष्टी न उघडलेल्या बऱ्या.


पडवीतली | २२ जून, रात्री ११:५५

शंकासुर, सकाळी तुमचा प्रतिसाद वाचून मला रडू आलं. तुमच्यावर राग नाही, मलाही तेच वाटलं होतं.

संध्याकाळी उगाच ती तार काढून बसले. मनिऑर्डरची कुपनं म्हणून मी ती बाजूला ठेवली होती, कारण त्यात मजकूर नसतो, "मनिऑर्डर पाठविली ती घ्यावी" एवढंच. आणि मी शोधत होते "बायो". आज हातात दुसरं नाव होतं.

ती सगळी कुपनं नाहीत. वरची पंचवीस-तीस आहेत, गावी आलेल्या पैशांची. खालची पोच आहेत. पैसे घेणाऱ्याने सही करून दिलेली पोच, जी पाठवणाऱ्याकडे परत जाते. म्हणजे ती गिरगावात पणजोबांकडे आलेली, आणि नोकरी सोडून गावी परतताना त्यांनी बरोबर आणलेली. चौतीस आहेत. रुपये २, रुपये २, रुपये २, एका श्रावणात ३. शिक्के बघितले, पहिला ऑगस्ट १९२०, म्हणजे "आता त्या वाटेस जाणे नाही" लिहिल्यानंतर काही महिन्यांनी. शेवटचा वाचता येतो तो १९३४. मधल्या पोच सलग नाहीत, हरवल्या असतील किंवा पैसे नसतील. प्रत्येकीवर तिचं सासरचं नाव आणि निळा अंगठा.

वडिलांना लिहिलेल्या पत्रांत याचा एक शब्द नाही.


गावनमुना_१४ | २३ जून, सकाळी ७:१०

वाचून गप्प बसलो होतो. मनिऑर्डर १८८० पासून पोस्टाकडे आली आणि २०१५ ला जुनी पद्धत बंद झाली, मधल्या काळात कोकण त्यावर जगलं. पण पोच जपून ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतोय, ती लोक फेकून देत.

ताई, आता नाव आहे, गाव आहे. १९३४ च्या पुढचे फेरफार मागा. "मयत सबब बोजा कमी" एवढंच शोधायला सांगा, क्रमांक माहीत नसला तरी चालतं. नकलेची फी नाममात्र आहे, पावती घ्या.


दापोली_कॅम्प | २३ जून, सकाळी ९:३०

त्या अंगठ्यांचे फोटो नीट काढून ठेवा. पोस्टाची शाई ओल्या हवेत पसरते.


नाखवा_जयगड | २३ जून, दुपारी १२:४०

तवसाळला याल तेव्हा कळवा. आता फेरीबोट गाडीसकट पलीकडे नेते. तिथल्या जुन्या माणसांत एक-दोघं नव्वदीची आहेत, मी विचारून ठेवतो. मागच्या पडवीचं घर म्हटलं तर कुणी ना कुणी सांगेल.


पडवीतली | २४ जून, रात्री १०:२०

आज आत्याकडे गेले होते. नाव तिला सांगितलं. दोनदा म्हणून बघितलंन तिने, मग म्हणाली माहेरचं काय असेल ग. ते अजून मिळालेलं नाही.

अन्नवस्त्राच्या कागदाचा फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवला. वर्तुळ कसलं विचारलंन. म्हटलं, बांगडीची निशाणी, बाई सहीऐवजी बांगडी काढायची. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बांगडी? तिच्या हातात कुठली तेव्हा?"

सोमवारी अर्ज घेऊन परत जातेय. किल्ली आहे का ते आज फोन करून विचारलं, आहे म्हणाले.